ग्रामीण मुलांचे शैक्षणिक पालकत्व : आपले अनुभव

खेड्यातील एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलावा, असे अनेकांना मनापासून वाटते. तो पैसा नेमका केव्हा आणि कशासाठी लागतो, याची माहिती मात्र सहसा नसते. त्यामुळे लहान मुलांच्या वह्या-दप्तरांसाठी पुष्कळ हात पुढे येतात आणि दहावी-बारावीनंतरच्या खोलीभाड्यासाठी कोणीच उरत नाही. ज्यांनी असे पालकत्व निभावले आहे, किंवा ज्यांचे स्वतःचे शिक्षण अशा आधारावर झाले आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. मुलांची नावे व गावे कृपया देऊ नयेत.

निवृत्त शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे, म्हणजे आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत झाले. आमच्या मुलांची गळती मी पाहिली ती आठवीनंतरच, कारण नववीचा वर्ग दुसऱ्या गावी होता. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. पण वस्तीपासून थांब्यापर्यंतची पायवाट पावसाळ्यात चिखलाची, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर काय, या एका प्रश्नापाशी घरचे लोक शिक्षण थांबवत. म्हणून मदत करू इच्छिणाऱ्यांना मी नेहमी आठवीतली मुले सुचवत असे. त्याच वर्षी एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. एका गृहस्थांनी आमच्या मुलांसाठी या परीक्षेची पुस्तके आणि शनिवारच्या सराववर्गाचा खर्च दिला. रक्कम फार मोठी नव्हती, पण ज्यांची निवड झाली त्यांची पुढची चार वर्षे तिने सावरली. पालकत्व घेणाऱ्याने आधी शासनाच्या योजना समजून घ्याव्यात आणि त्यांतून जे सुटते तिथे आपला पैसा लावावा, असे माझे ठाम मत आहे.

एका ऊसतोड कुटुंबातील मुलीचे पालकत्व घेतलेले वाचक

आम्ही जिच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, तिचे आईवडील बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडेपर्यंत त्यांना फडावरून हलता येत नाही. अशा वेळी मुलीला गावी ठेवायचे कोणाजवळ, हा फीपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न असतो. तिची आजी थकलेली होती. हंगामापुरती मुलांची सोय करणारी वसतिगृहे शासनाने सुरू केली आहेत, परंतु तिला वर्षभर एका जागी राहता येणे आवश्यक होते, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहात ठेवले. वयात आलेल्या मुलीला एकटी मागे ठेवण्यापेक्षा तिचे लग्न लावावे, म्हणजे नवराबायकोचा एक कोयता (ऊसतोडीसाठी धरली जाणारी मजुरांची जोडी) तयार होतो, असे सल्ले तिच्या वडिलांना नातेवाइकांकडून मिळत होते. वडील ठाम राहिले. त्यांच्या या ठामपणापुढे आमचे पैसे फार थोडे आहेत, हे मला आवर्जून लिहावेसे वाटते.

लेखापाल

एक छोटी व्यावहारिक बाब. कुटुंबाला थेट दिलेल्या रकमेवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही; मान्यताप्राप्त संस्थेला देणगी दिली आणि जुनी करप्रणाली निवडली, तरच देणगीवरील करसवलतीचा लाभ होतो. सवलतीसाठी थेट मदत टाळू नये. परंतु संस्था निवडताना तिचा लेखापरीक्षण अहवाल जरूर मागावा.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून माफ झाले. त्याचा लाभ मला मिळाला, तरीही खोली, मेस, लॅपटॉप आणि प्रवास हा खर्च आमच्या दोन एकर कोरडवाहू शेतीतून निघणे शक्य नव्हते. तो माझे पालकत्व घेतलेल्या एका दांपत्याने उचलला; त्यांना मी काका-काकू म्हणते. त्याआधी एका संस्थेने मला मंचावर बोलावून, घरची परिस्थिती निवेदकाच्या तोंडून सर्वांना ऐकवून धनादेश दिला होता. माझे वडील त्या वेळी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. काका-काकू प्रथम आमच्या घरी आले, वडिलांशी शेतीबद्दल बोलले आणि "तुमची परवानगी असेल तरच," असे म्हणाले. मला कोणती शाखा घ्यावी वाटते, हे त्यांनी मलाच विचारले. पहिल्या सत्रात माझा एक विषय राहिला, तेव्हा मदत बंद होईल या भीतीने मी त्यांचा फोन उचलत नव्हते. काकूंनी वडिलांच्या फोनवर निरोप ठेवला की, गुणांचा आणि पैशांचा काही संबंध नाही. दरवर्षी जूनमध्येच ते मेसची अनामत आणि पहिल्या तीन महिन्यांचे खोलीभाडे पाठवतात, कारण शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा जमा होते आणि घरमालक तोपर्यंत थांबत नाही.