मदत हवी आहे: जुन्या डायकास्ट लॉरीला भेगा पडताहेत, कोणता गोंद लावू?

निळी_लॉरी:
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. माझ्याकडे डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या, खेळण्यातल्या जुन्या गाड्या आहेत. त्यातल्या लॉरीच्या बॉनेटवर महिन्यापूर्वी केसाएवढी भेग दिसली होती, ती आता दारापर्यंत गेली आहे. मागचा हौदा कमानीसारखा वर आलाय. शेजारच्या गाडीवर पांढरी बुरशी धरलीय आणि तिसरीची चाकं खाली चिकटून बसलीत. म्हणजे हे पसरतंय. त्याच कपाटात अजून साठेक गाड्या आहेत. दोनच प्रश्न आहेत: भेगेत कोणता गोंद भरू, आणि बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून काय फवारू? फोन दुरुस्तीला दिलाय, त्यामुळे फोटो मागू नका. कृपया लवकर सांगा, रोज सकाळी कपाट उघडायची धास्ती वाटते.

चाकोरी:
कुठल्या कंपनीची? कुठल्या साली निघालेली? तळावर काय लिहिलंय? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रंगारी:
गोंदाच्या फंदात पडू नका. तळाचे रिव्हेट ड्रिलने काढा, सगळा रंग उतरवा, भेगा पुटीने भरा, प्रायमर मारा आणि दोन पातळ हात रंग द्या. मी अशा चाळीसच्या वर गाड्या केल्या आहेत. नव्यासारखी दिसेल.

पुठ्ठा:
मूळ खोका आहे का? खोका असेल तर त्याच्या झडपा आधी तपासा. लोक गाडी सांभाळतात आणि खोका उन्हात ठेवतात. रंग उडालेल्या खोक्याला नंतर काही उपाय नसतो.

निळी_लॉरी:
@चाकोरी तळावरची अक्षरं झिजलीत, वाचता येत नाहीत. लॉरी जुनी आहे, बरीच जुनी.
@पुठ्ठा खोका नाही. खोक्याबद्दल विचारलेलंही नाही.
@रंगारी रंग उतरवायचा नाही. तो निळा रंग मूळचा आहे.

ओतारी:
निळी_लॉरी, थोडा दम धरा आणि तीन गोष्टी पाहून सांगा. चाकं धातूची आहेत का, आणि टायरच्या आतला भाग सपाट आहे की मध्ये उंचवटा आहे? टायर कोणत्या रंगाचे आहेत? भेगेची कड भिंगातून कशी दिसते, स्वच्छ तुटल्यासारखी की रवाळ?

ओतकामात माझं अर्धं आयुष्य गेलंय. तुम्ही सांगताय तसं असेल तर हा झिंक पेस्टचा प्रकार आहे, आणि तिथे गोंदाचा प्रश्न दुय्यम ठरतो.

कुतूहल:
हा धागा पाहून बरं वाटलं, माझ्याही दोन गाड्यांना ओरखडे आहेत. ही झिंक पेस्ट ट्यूबमध्ये येते का? किती जाड थर द्यायचा आणि वाळायला किती वेळ लागतो?

ओतारी:
@कुतूहल चूक माझी, देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं. लावायची पेस्ट नव्हे. पेस्ट म्हणजे कीड, जस्ताची कीड. जुने संग्राहक याला मेटल फटीगही म्हणतात. गोंधळ नको म्हणून पुढे मी 'जस्तकीड' लिहितो. खरा किडा वगैरे काही नसतो.

निळी_लॉरी:
पाहिलं. चाकं धातूची, आतून गुळगुळीत सपाट. टायर पांढरे रबरी, आता पिवळट आणि दगडासारखे कडक. भेगेची कड राखाडी आणि रवाळ आहे, वाळूच्या दगडासारखी. बघताना पायदानाचा नखाएवढा तुकडा हातात आला. जोर दिलाच नव्हता. आता तरी सांगा काय लावू.

चाकोरी:
सपाट चाकं, पांढरे टायर. डिंकी या जुन्या ब्रिटिश खेळणी-गाड्यांच्या घराण्यातली असेल तर दुसऱ्या महायुद्धापूर्वीची. युद्धानंतरच्या डिंकींच्या चाकांत मध्ये गोल उंचवटा येतो आणि ॲक्सलही जाड होतो. म्हणजे लॉरी १९४५ च्या आधीची धरा. एवढी जुनी वस्तू आणि तुम्ही "बरीच जुनी" म्हणून मोकळे होता!

ओतारी:
चाकोरी म्हणतात ते पटतं. आता नीट सांगतो, कारण हे समजलं तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

या गाड्या शुद्ध जस्ताच्या नसतात. जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम घालून मिश्रधातू करतात, त्याला मॅझॅक किंवा झॅमॅक म्हणतात. मिश्रण स्वच्छ असेल तर शंभर वर्षंही टिकतं. पण त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश गेला तर तो धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. मग हवेतली ओल त्या सीमांमधून आत शिरते, कण एकमेकांपासून सुटतात आणि धातू फुगतो. आधी वाक येतो, मग भेगा, शेवटी चुरा. आजच्या मिश्रणात शिसं ०.००५ टक्क्यांच्या वर चालत नाही, यावरून कल्पना करा. त्या काळी शिशाच्या आकृत्या आणि जस्ताच्या गाड्या एकाच छताखाली ओतल्या जात. वितळवायच्या भांड्यात शिशाचा एक तुकडा गेला की ती सगळी ओतणी नासली. म्हणूनच एकाच साच्यातली एक लॉरी आज ठणठणीत असते आणि दुसरीचा भुगा होतो.

दोष ओतणीच्या दिवशीच आत गेलेला आहे. तो बाहेरून काही लावून निघत नाही. आणि तो शेजारच्या गाडीला लागत नाही. फवारणी वगैरे काही करू नका.

निळी_लॉरी:
लागत नाही, मग शेजारच्या दोन गाड्यांचं काय? तिन्ही एकाच फळीवर आहेत. एकाच वेळी तिघींना होणं हा योगायोग नाही.

ओतारी:
तिघींना एकच झालंय हे तुम्ही गृहीत धरताय. पांढऱ्या बुरशीची गाडी कोणती? ती फुगली आहे का? आणि तिला हल्ली काही केलंत का?

निळी_लॉरी:
ती मॅचबॉक्स, छोटी, राखाडी प्लॅस्टिकच्या चाकांची. फुगलेली नाही. काही केलं नाही, नेहमीसारखी धुतली.

चाकोरी:
धुतली म्हणजे कशाने?

निळी_लॉरी:
व्हिनेगरने. ॲक्सलचा गंज त्याने छान निघतो.

ओतारी:
मिळालं उत्तर. व्हिनेगर म्हणजे ॲसिटिक आम्ल, आणि जस्ताला आम्ल चालत नाही. पोलादी ॲक्सलचा गंज निघतो खरा, पण रिव्हेटच्या खाचेत आणि तळाच्या आत राहिलेला थेंब जस्त खात बसतो. वर येते ती बुरशी नव्हे, जस्ताचे क्षार आहेत. कॉस्टिक सोडाही तितकाच वाईट, कारण जस्त आम्लात विरघळतं तसं तीव्र अल्कलीतही विरघळतं.

हे पृष्ठभागावरचं दुखणं आहे आणि थांबवता येतं. मऊ कोरड्या ब्रशने भुकटी झाडा. मग साध्या पाण्याने, शक्यतो डिस्टिल्ड, दोनदा-तीनदा खळखळून धुवा आणि लगेच हेअर ड्रायरच्या गार झोताने खाचांसकट पूर्ण वाळवा. ॲक्सलला सुईच्या टोकावर मावेल एवढंच मशीन ऑइल द्या.

रंगारी:
पण लॉरीचं मी म्हणतो तेच करा. आत इपॉक्सी भरली आणि वरून रंगाचं कवच दिलं की ओल आत जाणारच नाही. माझ्याकडे युद्धापूर्वीची एक व्हॅन आहे, बारा वर्षांपूर्वी अशी केली, आजही एक भेग नाही.

ओतारी:
तुमची व्हॅन चांगल्या ओतणीची असणार. ती रंग न देताही टिकली असती. ज्या धातूला कीड लागली आहे तो आतून फुगत राहतो, मग पुटी निघते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. शिवाय रंग उतरवताना रसायनात बुडवली तर आधीच सुटे झालेले कण वेगळे व्हायला वेळ लागणार नाही.

रंगारी:
म्हणजे हात बांधून बघत बसायचं? काहीच न करण्यापेक्षा प्रयत्न केलेला बरा. मी कुणाची गाडी बिघडवलेली नाही.

चाकोरी:
रंगारी, तुमचं काम मी पाहिलंय, हात सुरेख आहे. पण त्यांना मूळ निळा रंग हवाय, हे त्यांनी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलंय. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कुणीही कोरडा सँडपेपर मारू नका. ती धूळ छातीत जाते.

पुठ्ठा:
अवांतर: मॅचबॉक्स नावामागेही खोकाच आहे. मॅचबॉक्स काढणाऱ्या लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला पितळेचा चिमुकला रोड रोलर करून दिला. १९५३ मध्ये त्यावरून मालिका सुरू झाली. गाडी खोक्याच्या मापाने घडली, म्हणून एकाच मालिकेतली बस आणि मोटार एका प्रमाणात नसतात. आता तरी खोक्याचं महत्त्व पटावं.

चाकोरी:
छान आठवण. पण माझ्या लेखी ती मालिका १९६९ पर्यंतच खरी. १९६८ ला हॉट व्हील्स या प्रतिस्पर्धी गाड्या आल्या, त्यांच्याशी शर्यत करायला लेस्नीने बारीक ॲक्सलची सुपरफास्ट चाकं बसवली आणि गाडीची ऐट गेली. साध्या चाकांची गाडी फळीवर ढकलून बघा, ती आपल्या वजनाने चालते.

कुतूहल:
सुपरफास्टवर असं बोलू नका. मी लहानपणी त्याच खेळलो. उतारावर त्यांच्यासारखी दुसरी कुठली धावत नसे.

निळी_लॉरी:
मंडळी, चाकांचा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या ना. माझी तिसरी गाडी अजून स्टँडला चिकटलेली आहे.

चाकोरी:
माफ करा. स्टँड कशाचा आहे? टायर रबरी की मऊ प्लॅस्टिकचे? आणि कपाटात दिवे आहेत का?

निळी_लॉरी:
स्टँड पारदर्शक प्लॅस्टिकचा. टायर मऊ, हाताला थोडे चिकट लागतात. दिवे आहेत, छोटे हॅलोजन, प्रत्येक फळीला दोन. कपाट दोन महिन्यांपूर्वी नवीन करून घेतलं, लाकडी, काचेची दारं. हे आधी सांगायला हवं होतं का?

ओतारी:
पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं!

चाकोरी:
मऊ टायर बहुधा पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनसारखं प्लॅस्टिक खाली असलं तर ते विरघळवतं. त्यामुळे टायर स्टँडमध्ये रुततो. उष्णतेने हे लवकर होतं.

ओढून काढू नका, ॲक्सल वाकेल. गाडी स्टँडसकट थंड जागी ठेवा, मग टायरच्या कडेने दातकोरणीने हळूहळू सोडवा. पुढे काचेवर ठेवा. प्लॅस्टिकवरच ठेवायची असेल तर मध्ये पॉलिएस्टरची पातळ फिल्म घाला, किंवा तळाखाली ठोकळा देऊन चाकं अधांतरी ठेवा. मी दुसरं करते, टायर चपटेही होत नाहीत.

ओतारी:
आता योगायोगाचं. तिन्ही आजार वेगळे, पण कपाट एक. हॅलोजनने ते तापतं, रात्री गार होतं, आणि जस्तकिडीला उष्णता आणि ओल दोन्ही पोसतात. त्यात ताजं लाकूड बंद जागेत ॲसिटिक आम्लाची वाफ सोडतं, ओकसारखी लाकडं तर जास्तच. आज काय करायचं ते लिहितो.

दिवे बंद. हवेच असतील तर एलईडी, तेही कपाटाबाहेरून. दारं काही दिवस उघडी. सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक फळीवर आणि एक आर्द्रतामापक. काटा पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवा, आणि मुख्य म्हणजे तो रोज वर-खाली होऊ देऊ नका.

लॉरी वेगळी ठेवा. लागण होते म्हणून नव्हे, तुकडे पडले तर हरवू नयेत म्हणून. चाकांवर भार नको, तळाखाली आम्लरहित कागदाची घडी द्या. सुटलेला तुकडा चिकटवायचाच असेल तर इपॉक्सीचा एक ठिपका. भेगेत सुपरग्लू ओतू नका, फुगणारा धातू दुसरीकडे फुटेल. मापं घ्या, फोन आला की सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ती वाचेल असं मी म्हणणार नाही. थंड, कोरड्या जागी ती किती वर्षं काढेल हे तिच्या ओतणीवर आहे.

रंगारी:
मापं घेताय तर एक सुचवतो. त्या मापांवरून पत्र्याची किंवा रेझिनची प्रतिकृती करा, आणि रंग मूळ गाडीशेजारी ठेवून जुळवा. रंग जुळवायला मी मदत करीन. मूळ गाडीला हात लावायचा नाही, मान्य.

निळी_लॉरी:
@रंगारी हे आवडलं, वेगळ्या निरोपात लिहितो.

काल रात्री सगळ्या गाड्या खाली काढून एकेक भिंगाखाली पाहिली. मॅचबॉक्स धुऊन वाळवली, खाली धातू किंचित खडबडीत झालाय पण रंग वाचलाय. तिसरीचे तीन टायर सुटले, चौथा अजून धरून आहे. लॉरी घडीवर आडवी ठेवली, पायदानाचा तुकडा काचेच्या बाटलीत.

नवीन प्रश्न. पांढऱ्या टायरांची अजून एक व्हॅन निघाली. बाहेरून काही नाही, पण उलटी करून टॉर्च धरला तर छताच्या आतून मागच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसते. ती साच्याची असू शकते का?

ओतारी:
साच्याची रेघ उंच असते, भेग खोल असते. सुईचं टोक अगदी हलक्या हाताने आडवं फिरवा. टोक अडकून वर चढलं तर साच्याची, खाली बुडलं तर भेग. काय होतं ते सांगा, मी जागा आहे.

निळी_लॉरी:
वर चढलं.