स्पीकर सीलबंद डब्याचा की पोर्टवाला? 10 बाय 12 ची खोली

तर्रीवाला: भाऊ लोक, नागपूरच्या महाल भागात जुनं घर आहे, खोली 10 बाय 12 ची, स्पीकर भिंतीला चिकटूनच ठेवावे लागतात, तबला-पखवाज जास्त ऐकतो. सीलबंद बुकशेल्फ (छोटे स्पीकर) घेऊ की मागं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असलेले? दुकानदार म्हणते पोर्टवाल्यात बास जास्त.

बर्डीवाला: बास जास्त येते हे खरं, पण ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या सुरावर जुळवला त्याच्या) खाली पोर्टवाला दर ऑक्टेव्हला (सप्तकाला) 24 डीबीनं (डेसिबल) कोसळते, सीलबंद 12 नं हळूहळू उतरते, अन् भिंतीजवळ बास तसाही फुगते, म्हणून तुला सीलबंदच बरा. डग्ग्याचा घुमारा साफ ऐकू येईल. 1954 च्या एआर-1 या सीलबंद स्पीकरपासून हीच गंमत आहे.

जुना_डेक: सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती जोरात वाजते) काहून विसरता बे? छोटा सीलबंद डबा त्यात बहुतेक मागंच असते. 87 च्या जागी 84 डीबीवाला घेतला तर तेवढ्याच आवाजाला अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते. मे महिन्यात कूलरचा गोंगाट सुरू झाला की मग समजते.

तर्रीवाला: कूलर तर आहेच ना बा. अ‍ॅम्प 30 वॅटचा आहे, चालते काय?

बर्डीवाला: त्या खोलीत आरामात. पोर्टवालाच आवडला तर समोर पोर्ट असलेला पाह, नाहीतर मागच्या पोर्टात फोम कोंब.