जेराल्ड ऑफ वेल्सचं आयर्लंडवरचं पुस्तक कुणी वाचलंय का? सल्ला हवाय

भटका_वाचक: लोकहो, नॉर्मन लोक (मूळचे फ्रान्समधले, तेव्हा इंग्लंडवर राज्य करणारे) आयर्लंडमधे कसे घुसले यावर वाचतोय आणि दर दोन पानांनी हा बाराव्या शतकातला वेल्सचा पाद्री टपकतो. मूळ लॅटिन काही झेपणार नाही. इंग्रजीत कुठलं घेऊ? आणि बाबाच्या बोलण्यावर भरवसा किती ठेवायचा?

मधलीसुट्टी: पेंग्विनचं घ्या, जॉन ओमीयरा यांचं भाषांतर, छोटंसंच आहे. पहिल्या भागात जमीन-पशुपक्षी, दुसऱ्यात चमत्कार, तिसऱ्यात माणसं. बार्नेकल गूजचा किस्सा अजिबात सोडू नका. हे पक्षी म्हणे समुद्रात वाहून आलेल्या ओंडक्यांवर उगवतात, मी स्वतः डोळ्यांनी हजारावर बघितले असं जेराल्ड ठोकून देतो, आणि मांसापासून जन्मलेले नाहीत म्हणून तिकडचे काही बिशप ते उपासाला खुशाल खायचे (आपल्या उपवासाच्या मिसळीसारखंच की हे 😄). पण जेराल्डला हे पटत नाही, तो म्हणतो आदमही मांसापासून जन्मला नव्हता, मग त्याची मांडी खाल्ली तर ते मांस नाही का!

कोकणकडा: किस्से झकासच, पण तिसरा भाग जपून वाचा. 1169 ला आयर्लंडमधे फौज घेऊन उतरलेले नॉर्मन सरदार रॉबर्ट फिट्झस्टीफन आणि मॉरिस फिट्झजेराल्ड हे त्याचे सख्खे-सावत्र मामा, हा स्वतः 1185 ला राजपुत्र जॉनबरोबर गेलेला आणि पुस्तक अर्पण केलंय जॉनच्या बापाला, म्हणजे इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीला, मग आयरिश लोक आळशी नि रानटी निघणारच ना. गंमत म्हणजे वाद्यं वाजवण्यात यांच्या तोडीचं कुणी पाहिलं नाही हेही तोच लिहितो, आणि तिथे मला तो खरा वाटतो कारण त्यात मामांचा काही फायदा नाही. सतराव्या शतकात जेफ्री कीटिंगने आपल्या आयरिश भाषेतल्या इतिहासाच्या प्रस्तावनेत त्याची चांगलीच सालटी काढलीय, तीही लगेच वाचा.

आणि जमलं तर त्याचं वेल्सचं वर्णन पण घ्या. आजी नेस्ट वेल्सची राजकन्या, त्यामुळे तिथे सूर वेगळा लागतो, आधी कौतुक, मग दोष, मग हा देश जिंकायचा कसा याच्या टिपा आणि शेवटी वेल्शांनी टक्कर कशी द्यावी तेही सांगून मोकळा!

भटका_वाचक: मामांचं प्रकरण माहीतच नव्हतं, धन्यवाद 🙏 वेल्सचंही पेंग्विनमधे मिळेल का?

मधलीसुट्टी: हो, लुइस थॉर्प यांचं, त्यात 1188 चा वेल्सचा प्रवासही आहे. आधी प्रवास वाचा, वर्णन नंतर.