फुकटच्या गेममध्ये रुपया लपवायचा कशाला?

कृष्णाकाठ (सांगली)

परवा तासगावला बहिणीकडं गेलो होतो. ती बेदाणा निवडायच्या कामाला जाते. चहा ठेवता ठेवता तिनं मोबाईल माझ्या हातात दिला, "दादा, हे कसले पैसे गेलेत बघ जरा." बँकेचे मेसेज होते. 89, 89, 449, परत 89, असे 11. बेरीज 2869 रुपये, म्हणजे तिची आठवड्याची हजेरी. भाचा 13 वर्षांचा. पिन त्याला पाठ, कारण दुधाचे आणि किराण्याचे पैसे तोच स्कॅन करून देतो.

पोराला रागवलो नाही, शेजारी बसवून विचारलं. किती रुपये गेले हे त्याला सांगता येईना, पण मोबाईलच्या गेममध्ये नाणी किती घेतली ते घडाघडा म्हणून दाखवलं. तो खोटं बोलत नव्हता. गेममधल्या दुकानात शिरलं की रुपया दिसतच नाही. गेममधल्या आपल्या खेळाडूला घालायचा कोट 800 नाण्यांचा आणि विकत मिळणारं नाण्यांचं पाकीट 600 चं. म्हणजे दोन पाकिटं घ्यायची, 400 उरतात, आणि 400 ला घेण्यासारखं काही नाही. मग उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून तिसरं पाकीट. ही मांडणी कुणीतरी विचार करून केलेली आहे.

त्यावर पेटीची सोडत, म्हणजे पैसे देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. हवी ती बंदूक निघायची शक्यता 1 टक्का. भाच्याला वाटत होतं, 100 पेट्या उघडल्या की मिळणारच. वहीवर गणित मांडून दाखवलं. 100 पोरांनी प्रत्येकी 100 पेट्या उघडल्या तरी त्यातली 37 च्या आसपास पोरं रिकाम्या हातानं परततात.

गेमवाल्यांनी पैसे जरूर घ्यावेत. पण किंमत रुपयांत लिहा, आणि पैसे देऊन काढायची सोडत 18 च्या खालच्यांना बंद करा. एवढंच मागणं आहे.

कुपवाडचा गडी

दादा, ताईंच्या पैशाचं वाईट वाटलं. पण मला हे पटत नाही.

मी एमआयडीसीत लेथवर आहे. सेकंड शिफ्ट सुटली की आम्ही चौघं रात्री तासभर खेळतो. चार वर्षांत माझे सगळे मिळून 400 रुपये गेले असतील. कॉम्प्युटरवरच्या मोठ्या गेम तीन-चार हजारांना मिळतात, वर तसला कॉम्प्युटर पाहिजे. आमच्या घरात ते कधी आलं असतं? ज्याला हौस आहे तो कोट घेतो, त्याच्या जिवावर मी फुकट खेळतो, आणि मैदानात त्या कोटानं गोळी काही अडत नाही. तुमचे नियम आले आणि उद्या गेम विकत घ्या म्हणाले, तर पहिला बाहेर पडणार तो माझ्यासारखा.

मिरज ते पुणे

मी पुण्यात गेमच्या कंपनीत काम करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. बहुतेक खेळणारे कधीच एक रुपया देत नाहीत. कमाईचा मोठा भाग मूठभर लोकांकडून येतो, धंद्यात त्यांना 'व्हेल', म्हणजे देवमासे, म्हणतात. आलेल्या पैशातून ॲप स्टोअर 15 ते 30 टक्के कापून घेतं, सर्व्हर तर दिवसरात्र चालू ठेवावे लागतात. गेम फुकट ठेवायची तर पैसा कुठून तरी यायलाच हवा.

सीझन पास, म्हणजे एकदाच पैसे भरून ठराविक काळात खेळत खेळत बक्षिसं मिळवायची, त्याला माझा विरोध नाही. काय मिळणार ते आधी दिसतं, किंमत ठरलेली असते. पेटीचं मात्र मी समर्थन करणार नाही. जपाननं 2012 मध्ये, पेट्यांतून सगळे तुकडे जमवले की मोठं बक्षीस, हा प्रकार बंद पाडला. बेल्जियमनं 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. तरी गेम बंद पडल्या नाहीत, धंदा चालूच आहे.

शाळेतल्या बाई

"हौस असेल तो घेतो" हे मोठ्यांना लागू पडतं. माझ्या सातवीच्या वर्गात ज्याच्याकडं गेममध्ये साधे कपडे असतात त्याला पोरं 'बॉट', म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेला खेळाडू, म्हणतात, टीममध्ये घेत नाहीत. एकानं मधल्या सुट्टीत रडत सांगितलं, "बाई, माझा कॅरेक्टर गरीब दिसतो." कोटानं गोळी अडत नाही हे खरं आहे हो दादा, पण बारा वर्षांच्या पोराला नेमका तो कोटच हवा असतो.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय. सगळं कंपनीवर ढकलू नका. पिन पोराला दिला कुणी? प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायची सोय आहे, पाच मिनिटांचं काम. आणि 2025 मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केलाच आहे.

कृष्णाकाठ

तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. भाच्यानं जिंकायला पैसे लावले नव्हते, कोट विकत घेतला होता.

पिनचं म्हणाल तर बहीण चौथी शिकलेली आहे. दुकानात स्कॅन करायला पोरगंच लागतं. तिनं कुठल्या सेटिंगमध्ये शिरायचं? करार कायदा 1872 चा आहे, त्यात 18 च्या खालच्याचा करार मुळात करारच धरत नाहीत. पण इथं खातं आईचं आणि पिनही आईचा, मग दाद मागायला गेलं तर पोरानं केलं हे सिद्ध करत बसायचं. अमेरिकेत फोर्टनाइट ही गेम काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीला 2022 मध्ये ग्राहकांना परत देण्यासाठी 24.5 कोटी डॉलर कबूल करावे लागले, कारण बटणं अशी ठेवली होती की नको असताना खरेदी व्हायची. तिथल्या शिकलेल्या आईबापांचीही फसगत झालीच ना?

तासगावच्या रथोत्सवात रिंगा टाकायचा स्टॉल असतो. तिथंही नशीबच असतं. पण नोट हातातून जाताना दिसते, आणि खिसा रिकामा झाला की पोरगं घरी येतं.

कुपवाडचा गडी

रुपयांत किंमत लिहा, हे मला मान्य आहे. मलाही चार वर्षांचे 400 आठवून सांगावे लागले, दिसत कुठंच नाहीत. बाईंचंही पटलं. पण 18 ची अट नको. माझा भाऊ 16 चा आहे, स्वतः पेपर टाकून पैसे मिळवतो. त्यातले पन्नास त्यानं कशावर घालवायचे हे दुसऱ्यानं का ठरवायचं?

मिरज ते पुणे

रुपयांत किंमत दाखवू या, असं मी एकदा आमच्या मीटिंगमध्ये म्हणालो होतो. अवघड काम नाही, एका दिवसात होतं. कुणी "नको" म्हणालं नाही. एकानं फक्त विचारलं, "मग विक्री किती पडेल?" आणि पुढचा विषय निघाला.

कृष्णाकाठ

गड्या, तुझा भाऊ कष्टाचे पैसे घालवतो, त्याला मी अडवणार नाही. कोट घेऊ दे की. पेटी नको, एवढ्यावर मी अजून ठाम आहे.

बहिणीच्या मोबाईलवर पडताळणी चालू करून दिली, पिनही बदलला. शेवटचे 899 दोन दिवसांच्या आतले होते, तेवढे प्ले स्टोअरकडं परत मागितलेत. बाकीच्या 1970 रुपयांसाठी गेमवाल्यांना लिहिलंय, उत्तर आलेलं नाही. दूध आणायला आता ती भाच्याच्या हातात नोट देते.