मुलाखतीसाठी रजा मागताना कारण काय द्यावे?

प्रश्न : ताळेबंद

पुण्यातील एका खासगी व्यापारी कंपनीच्या लेखा विभागात मी गेली साडेचार वर्षे काम करीत आहे. विभागात आम्ही तिघे आहोत आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरण्याची जबाबदारी बहुतांशी माझ्याकडे आहे. अंधेरीतील एका कंपनीने दुसऱ्या फेरीच्या मुलाखतीसाठी मला येत्या महिन्याच्या १९ तारखेला सकाळी साडेअकरा वाजता प्रत्यक्ष बोलावले आहे. पहिली फेरी दृक्श्राव्य माध्यमातून झाली होती. ती मी जेवणाच्या सुट्टीत जिन्याखालच्या जागेत उभ्याने उरकली आणि त्या वेळी कोणी येईल की काय, या धास्तीत निम्मी उत्तरे विसरलो.

माझे साहेब स्वभावाने वाईट नाहीत, परंतु रजेच्या प्रत्येक अर्जावर ‘कशासाठी?’ असे विचारण्याची त्यांना सवय आहे. खरे सांगितले आणि नोकरी मिळाली नाही, तर पुढच्या पगारवाढीत त्याचा हिशेब होईल, असे वाटते. आजारपणाचे कारण द्यावे, तर मागच्या वर्षी एका सहकाऱ्याने तसे केले होते आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी त्याची प्रकृती विचारण्यासाठी घरी दूरध्वनी केला होता. शिवाय घरात कुणाच्या दुखण्याचे खोटे सांगायला माझी आई मुळीच तयार होणार नाही. नैमित्तिक रजेचे ३ दिवस शिल्लक आहेत. अशा वेळी अर्जात नेमके काय लिहावे?

उत्तर १ : आस्थापना_२२

मी २२ वर्षे मनुष्यबळ विभागात काढली आहेत आणि या काळात रजेचे हजारो अर्ज माझ्या हातांखालून गेले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की अर्जात कारण जितके लांब असते, तितका तो वाचणाऱ्याच्या मनात संशय अधिक निर्माण होतो. ‘वैयक्तिक कामानिमित्त’ हे दोन शब्द पुरेसे आहेत आणि ते खरेही आहेत.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ साली जो कायदा झाला, त्यानुसार कामगाराला प्रत्येक कॅलेंडर वर्षात ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा मिळते. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. अर्जित रजेप्रमाणे ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येत नाही. म्हणून तुमचे ३ दिवस उगाच जपून ठेवण्यात काही फायदा नाही. मात्र तुम्ही व्यवस्थापकीय पदावर असाल, तर प्रथम नियुक्तिपत्रातील रजेच्या अटी वाचा.

अर्ज असा लिहा : ‘मला दि. … रोजी वैयक्तिक कामासाठी बाहेरगावी जावयाचे असल्याने त्या दिवसाची नैमित्तिक रजा मंजूर करावी, ही विनंती. माझ्या अनुपस्थितीत करावयाच्या कामाची सूचना मी सहकाऱ्यास दिली आहे.’ यातले दुसरे वाक्य पहिल्याहून महत्त्वाचे आहे. साहेब ‘कशासाठी’ असे विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना ‘माझे काम कोण करणार’ हेच विचारायचे असते. तरीही त्यांनी तोंडी विचारलेच, तर ‘थोडे खासगी काम आहे, साहेब’ एवढे म्हणून थांबावे. आपण थांबलो की पुढे विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते. आजारी रजा मात्र मुळीच टाकू नका. ती खोटी ठरली तर प्रश्न रजेचा राहत नाही, गैरवर्तनाचा होतो.

उत्तर २ : जमाखर्च

वरील उत्तर योग्य आहे, पण प्रश्नातील तारखेकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. जीएसटीआर-३बी, म्हणजे वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र, भरण्याची मुदत २० तारीख असते. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बीजकांवरून तयार होणारे विवरण, उपलब्ध होते, त्यानंतर खरेदीच्या नोंदींशी ते जुळवून कोणत्या पुरवठादाराने बीजक चढवलेच नाही याचा शोध घेण्यात चार-पाच दिवस जातात आणि १९ तारखेला संध्याकाळी संकेतस्थळ रडतखडत चालते. मीही हेच काम करतो. त्या दिवशी माझ्या हाताखालच्या माणसाने ‘वैयक्तिक काम’ म्हणून रजा मागितली, तर मी मंजूर करीन, पण ते काम मुलाखतीचेच असणार हे ओळखल्याशिवाय राहणार नाही. कारण हा दिवस लेखा विभागातला माणूस घरच्या लग्नासाठीसुद्धा सोडत नाही.

तेव्हा आधी अंधेरीच्या कंपनीला पत्र पाठवून २३ तारखेनंतरचा दिवस मागा. तारीख बदलून मागितली तर आपण उत्सुक नाही असा अर्थ निघेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. तुम्हाला तरी ती बाळगण्याचे कारण नाही. समोर बसणारा माणूसही लेखा विभागातलाच असणार, त्यालाही २० तारीख चुकलेली नाही. ‘विवरणपत्राची मुदत असल्याने त्या दिवशी कार्यालय सोडणे योग्य वाटत नाही’ हे वाक्य त्याच्या दृष्टीने तुमच्या मुलाखतीचे पहिले उत्तरच ठरेल.

प्रवासाचे म्हणाल, तर डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडली, तर साडेअकराची वेळ साधते, परंतु गाडीला अर्धा तास उशीर झाला की सगळे गणित बिघडते. आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम शक्य असेल तर तो करावा. अर्ध्या दिवसाच्या रजेत हे काम बसवण्याचा विचारही करू नका.

उत्तर ३ : राईनकाठ

मी सध्या जर्मनीत नोकरी करते, म्हणून इकडची पद्धत सांगते. येथील नागरी कायद्याच्या कलम ६२९ प्रमाणे, कायम स्वरूपाची नोकरी संपण्याची नोटीस एकदा दिली गेली की, कर्मचाऱ्याने मागणी केल्यास नवीन नोकरी शोधण्यासाठी वाजवी वेळ देणे मालकाला भाग असते. माझ्या विभागातील एकाने सर्वांसमोर ‘उद्या मुलाखत आहे’ असे सांगितले आणि साहेबांनी त्याला शुभेच्छा दिल्या, तेव्हा पुण्यातील नोकरीची सवय असलेल्या मला ते ऐकून क्षणभर कानकोंडे झाले होते. मात्र नोटिशीपूर्वी येथेही असा हक्क नाही. तोवर येथील लोकही आपल्या हक्काच्या सुट्टीतलाच एक दिवस घेतात आणि कारण सांगत नाहीत. फरक एवढाच की ते कोणी विचारतही नाही.

उत्तर ४ : टपालपेटी

माझे मत थोडे वेगळे आहे. मी शासकीय सेवेत असताना दुसऱ्या पदासाठी अर्ज करतानाच कार्यालयप्रमुखांना कळवावे लागले आणि मुलाखतीच्या वेळी ना-हरकत प्रमाणपत्र सादर करावे लागले. त्यामुळे लपवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी तीन टेबले फिरावी लागली हे खरे, पण मुलाखतीच्या दिवशी डोक्यावर कोणतेही ओझे नव्हते. साडेचार वर्षांच्या सहवासानंतर आपले साहेब कसे आहेत हे आपल्यालाच ठाऊक असते. ते खरोखरच सज्जन असतील, तर खरे सांगण्याचा पर्याय एकदम बाद करू नये.

उत्तर ५ : आस्थापना_२२

टपालपेटी यांच्याशी मी सहमत नाही. शासकीय सेवेत ते प्रमाणपत्र कागदावर असते आणि त्यावरून कुणाची वेतनवाढ अडत नाही. खासगी कंपनीत साहेब कितीही सज्जन असले, तरी ‘हा जाणार आहे’ हे कळल्यावर पुढचे महत्त्वाचे काम ते दुसऱ्याला देतात आणि त्यात त्यांचा दोषही नसतो. हातात नियुक्तिपत्र येईपर्यंत सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. एक राहिले : रजेच्या आदल्या दिवशी केस कापून, नवे बूट घालून कार्यालयात जाऊ नका. आमच्या विभागात निम्मे लोक यावरूनच ओळखले जात.

प्रश्नकर्ता : ताळेबंद

सर्वांचे आभार. १९ तारखेचा विचार मला स्वतःला सुचू नये, याची लाज वाटते. काल अंधेरीच्या कंपनीला पत्र पाठवले, त्यात मुदतीचे कारण स्पष्ट लिहिले आणि आज त्यांनी २४ तारीख दिली. रजेचा अर्जही वरील मसुद्याप्रमाणे दिला. साहेबांनी अपेक्षेप्रमाणे ‘कशासाठी?’ असे विचारले. मी ‘थोडे खासगी काम आहे’ म्हणून थांबलो. त्यांनी अर्जावर सही केली आणि विचारले, ‘पण ३बी भरून झालेले असेल ना तोवर?’