नेटच्या व्यसनाची चिनी प्रश्नावली आपल्याकडच्या पोरांना चालेल का?

एमए_सायकॉलॉजी_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी कसबा बावड्यातल्या एका शाळेत नववीच्या पोरांना इंटरनेट व्यसनाची प्रश्नावली द्यायचीय. चेन स्केल घ्यावी म्हणतेय, तैवानमध्ये २००३ ला चिनी भाषेत तयार झालेली, २६ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ४ मार्क. तिथल्या किशोरवयीन मुलांवर तपासून ५८ पासून वर चाळणीसाठी आणि ६४ पासून वर निदानासाठी असे कटऑफ काढलेत. नुसतं मराठी करून हेच आकडे लावले तर चालतंय का? प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, म्हणजे अल्फा, ०.७ च्या वर आला की झालं असं एकजण म्हणाला.

रंकाळा_कट्टा:
नाही ताई, अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात, ते व्यसनच मोजतात का हे त्यातनं कळत नाही. आधी भाषांतर कर, मग मूळ न बघितलेल्या माणसाकडनं ते परत मूळ भाषेत करून घे आणि दोन्ही ताडून बघ, आणि थोड्या पोरांजवळ बसून एकेक प्रश्न वाचून काय समजलं ते विचार. आपल्याकडं फोन बऱ्याचदा पप्पांचा असतो, नेट नसलं की बेचैन होतोस का म्हटलं तर पोरगं रिचार्ज संपल्याचं सांगत बसतंय, मार्क मात्र ४ पडतात.

शाळा_समुपदेशक:
वरचं पटलं. कटऑफ तर अजिबात उचलू नका, तैवानमध्येसुद्धा तो मानसोपचारतज्ज्ञांच्या मुलाखतीशी ताडूनच ठरवला होता, तसंच इथं करायला लागेल. मुलाखत घेणाऱ्याला मार्क माहीत नकोत, आणि कमी मार्कवाल्यांनाही बोलवा, नाहीतर सुटलेली पोरं कधी कळणारच नाहीत. समजा १००० पोरांत ५० जणांना खरंच त्रास आहे, प्रश्नावली त्यातले ४० पकडते आणि उरलेल्या ९५० मधले १० टक्के चुकून धरते, म्हणजे ९५ झाले, मग धरलेल्या १३५ मध्ये खरे ४०च. बाकीच्यांच्या घरी पोरगं व्यसनी आहे असं कळलं तर काय होईल विचार करा, मला याचीच जास्त काळजी वाटते.

एमए_सायकॉलॉजी_कोल्हापूर:
बापरे, हे गणित डोक्यातच नव्हतं. पण एवढ्या मुलाखती घेणार कोण?

शाळा_समुपदेशक:
सगळ्यांच्या नको, जास्त, मधले, कमी अशा तिन्ही गटांतनं चिठ्ठ्या टाकून थोडी थोडी पोरं निवडा, हिशेब करताना कुठल्या गटातल्या किती पोरांतनं किती निवडली तेवढं धरा. घेणारा मात्र ट्रेनिंग झालेलाच हवा, गाईडना विचारून डिपार्टमेंटमधलं कोणी मिळतंय का बघा. आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या, सहामाहीच्या तोंडावर जाऊ नका, त्या दिवसांत घरचे फोन काढूनच घेतात.