स्ट्रीमर आणि डॅक घेऊनही आवाज गढूळ का येतो?

मंद्र

नमस्कार. माझी व्यवस्था अशी आहे: वाय-फायवर चालणारा स्ट्रीमर (जाळ्यावरून संगीत आणणारे उपकरण), त्याला यूएसबीने जोडलेला स्वतंत्र डॅक (अंकांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण), पुढे इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. संगीत दोन वाटांनी येते. एक म्हणजे स्ट्रीमिंग सेवेचा लॉसलेस (काहीही न गमावणारा) दर्जा आणि दुसरी म्हणजे माझ्याच सीडी फ्लॅक या तशाच लॉसलेस स्वरूपाच्या फायलींमध्ये उतरवून हार्ड डिस्कवर ठेवलेला संग्रह. खोली ४.५ मीटर लांब आणि ३.४ मीटर रुंद आहे. स्पीकर एका आखूड भिंतीलगतच्या कपाटावर असून त्यांची पुढची बाजू त्या भिंतीपासून सुमारे ४५ सेंटीमीटर अंतरावर येते. माझी खुर्ची समोरच्या आखूड भिंतीला अगदी टेकलेली आहे.

तक्रारी अशा. डग्ग्याचे काही ठोके एकाएकी फुगतात, शेजारचे मात्र नेमके येतात. गायकाचा आवाज पातळ आणि मागे ढकलल्यासारखा वाटतो. रात्री आवाज कमी ठेवला की सगळेच निर्जीव होते. स्ट्रीमरऐवजी लॅपटॉप जोडल्यास बारीक घरघर ऐकू येते. शिवाय एकच ध्वनिमुद्रण माझ्या फ्लॅकपेक्षा सेवेवर अधिक उठावदार वाटते, याचे मला विशेष नवल वाटते. परिचितांनी उंची यूएसबी केबल, खास 'ऑडिओ' नेटवर्क स्विच आणि १९२ किलोहर्ट्झच्या फायली असे तीन उपाय सुचवले आहेत. यांपैकी सुरुवात कशाने करावी?

शून्य_एक

सुचवलेल्या तिन्ही उपायांपैकी एकही आपल्या पहिल्या दोन तक्रारींपर्यंत पोहोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सेवेकडून येणारी विदा (डेटा) तुकड्यातुकड्यांनी येते, प्रत्येक तुकड्याची तपासणी होते आणि एखादा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. हे सारे बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठून मगच डॅककडे जाते. त्यामुळे जाळे कमकुवत असेल तर गाणे अडखळते किंवा थांबते. डग्गा तेवढा फुगवायचा आणि गळा तेवढा पातळ करायचा, अशी निवड त्याला करता येत नाही. आपल्याकडे गाणे अडखळत नसेल तर वाय-फाय आपले काम चोख करत आहे. यूएसबीचेही तसेच: आजचे बहुतेक डॅक असिंक्रोनस पद्धतीने चालतात, म्हणजे वेळेचा ठोका डॅकचे स्वतःचे घड्याळ देते आणि विदा त्याच्या मागणीनुसार येते.

सीडीचा दर्जा म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. त्यात २० किलोहर्ट्झपर्यंतचे सर्व काही मावते आणि माणसाचा कान त्यापुढे जात नाही. १६ बिटांमध्ये सुमारे ९६ डेसिबेलचा पल्ला मिळतो, तो घरात बसून ऐकण्यासाठी मुबलक आहे. ध्वनिमुद्रण करताना आणि त्यावर प्रक्रिया करताना २४ बिटांचा खरा उपयोग होतो. १९२ किलोहर्ट्झची फाईल कधी कधी सरस वाटते, पण बहुधा ती वेगळ्या मास्टरवरून (प्रकाशनासाठी तयार केलेल्या अंतिम मुद्रणावरून) काढलेली असते म्हणून.

आता आपल्या नवलाविषयी. बहुतेक सेवा सर्व गाण्यांचा ठोकळ आवाज एका पातळीवर आणतात. स्पॉटिफायवर ही पातळी साधारण उणे १४ एलयूएफएस (ठोकळ आवाज मोजण्याचे एकक) आहे. आपल्या फ्लॅक फायलींमध्ये रिप्लेगेनची (आवाजाची पातळी जुळवण्यासाठीची) नोंद नसेल तर त्या मूळ पातळीवरच वाजतात आणि जुन्या सीडी बऱ्याचदा हळू आवाजात मुद्रित केलेल्या असतात. दोन आवाजांत एखाद्या डेसिबेलचा फरक असला तरी मोठा आवाज कानाला 'मोठा' न वाटता 'स्पष्ट' वाटतो, आणि आपण तिथेच फसतो. दोन्हींची पातळी ०.१ ते ०.२ डेसिबेलच्या आत जुळवून, कोणते वाजत आहे ते न पाहता ऐका. फुबार२००० या वादक-सॉफ्टवेअरमध्ये अशा न पाहता केलेल्या तुलनेसाठी एबीएक्स नावाची जोड मिळते. सेवेने नंतरचे मास्टर घेतलेले असू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

सेटिंगमध्ये पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे. लॅपटॉपवर विंडोज असेल तर सर्व आवाज सामाईक मिक्सरमधून जातात आणि तिथे ठरवलेल्या दराला रूपांतरित होतात. वादक-सॉफ्टवेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड निवडला की ही पायरी टळते. फरक बारीकच असतो, पण फुकट मिळतो.

कोपऱ्यातला_श्रोता

आपण खोलीची मापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण उत्तर त्यांतच आहे.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी अडकून राहतो, त्याची पहिली वारंवारता वेगाला लांबीच्या दुपटीने भागून मिळते: ३४३ भागिले ९, म्हणजे ३८ हर्ट्झ. दुसरी तिच्या दुप्पट, म्हणजे ७६ हर्ट्झ. या दोन्हींचा दाब भिंतीलगत सर्वाधिक असतो आणि आपली खुर्ची नेमकी तिथेच आहे. ३८ हर्ट्झला बुकशेल्फ स्पीकर फारसा जोर लावू शकत नाहीत, म्हणून तो त्रास कमी जाणवेल. ७६ चा मात्र पुरेपूर जाणवेल. डग्ग्यावर मनगटाने दाब देऊन घुमारा चढवला-उतरवला जातो; तो सरकता सूर ७६ च्या आसपास आला की खोली त्याला उचलून धरते आणि पुढे सरकला की सोडून देते. काही ठोके फुगतात आणि शेजारचे नेमके येतात, याचे कारण मला हेच दिसते.

७६ हर्ट्झच्या लहरीचा दाब भिंतीपासून लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे आपल्या खोलीत सुमारे १.१ मीटरवर, जवळजवळ शून्य होतो. खुर्ची तेवढी पुढे घ्या. गालिचा किंवा पडदे यांच्यावर या बाबतीत विसंबू नये; ते उंच स्वर शोषतात, पण ७६ हर्ट्झची लहर साडेचार मीटर लांब असते आणि तिला पडद्याची गणतीही नसते. (मी स्वतः एकदा भिंतीवर पातळ फोम डकवून खोली मंद आणि कोंदट करून ठेवली होती. घुमणे तसेच राहिले, चकाकी तेवढी गेली.)

गायकाचा आवाज पातळ का, तेही मापांतच आहे. स्पीकरमधून खालचे स्वर मागेही जातात, भिंतीवर आदळून परततात आणि थेट येणाऱ्या ध्वनीत मिसळतात. भिंतीपर्यंतचे अंतर लहरीच्या एक चतुर्थांशाइतके असेल तेव्हा परतलेली लहर उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खोडतात. ४५ सेंटीमीटरसाठी ही वारंवारता ३४३ भागिले १.८, म्हणजे सुमारे १९० हर्ट्झ येते. गळ्याचा भरीवपणा इथेच असतो. आपण स्पीकर कपाटावरून काढून स्टँडवर घ्या आणि पुढची बाजू भिंतीपासून मीटरभर तरी आणा; खोडाखोडीने पडलेला आवाजातला खड्डा ८६ हर्ट्झजवळ सरकेल आणि गळा मोकळा होईल. तो खड्डा खाली नवे उपद्रव करणार नाही असे मी म्हणत नाही, म्हणून दहा-दहा सेंटीमीटर सरकवून ऐकत जावे. ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर हवा आणि दोन स्पीकर व आपण मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा.

कानावर भरवसा नसेल तर मोजमापाचा मायक्रोफोन घेऊन आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने कोणत्या वारंवारतेला आवाज किती येतो याचा आलेख काढता येतो. पहिल्यांदा तो आलेख पाहून धक्का बसेल. सामान्य खोलीत १५-२० डेसिबेलचे चढउतार नवलाचे नाहीत, आणि दोन चांगल्या डॅकमधला फरक मोजायला डेसिबेलचे दशांशही मोठे पडतात.

सोल्डरवाला

शून्य_एक यांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु त्यावरून 'केबलने काही होत नाही' असा अर्थ काढताना थोडे सावध राहावे. यूएसबीच्या तारेतून विदेबरोबर जमिनीची तार आणि वीजही जाते. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ (जमिनीला जोडलेले) झाले असतील तर या तारेतून विजेचा फेरा पूर्ण होतो आणि ५० किंवा ६० हर्ट्झची, तिच्या पटींसह, घरघर स्पीकरमध्ये येते. विदा अचूक असूनही हे घडते. चाचणी सोपी आहे: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर तोच फेरा समजा. मग डॅकला ऑप्टिकल तारेने जोडता येते का पाहावे. त्यातून केवळ प्रकाश जातो, वीज मुळीच नाही. बहुतेक उपकरणांवर ही तार ९६ किलोहर्ट्झपर्यंत निश्चिंतपणे चालते, आपल्याला तेवढे पुरे. अर्थची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नका, ते जिवावरचे आहे.

नेटवर्क स्विचबाबत मात्र मीही शून्य_एक यांच्याच बाजूचा. इथरनेटच्या प्रत्येक तोंडाशी छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे नेहमीच्या बिनआवरणाच्या तारेने हा फेरा तिथे जुळतच नाही. आपण तर वाय-फायवर आहात.

तारषड्ज

रात्रीच्या निर्जीव आवाजाविषयी कोणी लिहिले नाही. तो दोष उपकरणाचा नसून कानाचा आहे. आवाज कमी झाला की खालचे स्वर ऐकण्याची आपली क्षमता मधल्या स्वरांपेक्षा फार लवकर घटते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे वक्र मांडले आणि आयएसओ २२६ या मानकात त्यांची सुधारलेली रूपे आहेत. ॲम्प्लिफायरवर लाउडनेसचे (कमी आवाजात खालचे स्वर उचलणारे) बटण असेल तर रात्रीपुरते निःसंकोच वापरावे.

मंद्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खुर्ची १.१ मीटर पुढे आणली आणि डग्गा त्याच मिनिटाला ताळ्यावर आला; मी तीन वेळा मागे-पुढे होऊन खात्री केली. स्पीकर तूर्त दोन स्टुलांवर ९० सेंटीमीटर पुढे आहेत आणि गळा भरला आहे. लॅपटॉप बॅटरीवर घेताच घरघर गेली, म्हणून ऑप्टिकल तार जोडली. पातळी जुळवून ऐकल्यावर फ्लॅक आणि सेवा यांत मला फरक सांगता आला नाही. मायक्रोफोन उसना मिळाला. आलेखात ३८ हर्ट्झला उंचवटा आणि ९५ च्या आसपास खड्डा दिसतो. हे दोन्ही इक्वलायझरने (निवडक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) सपाट करावेत काय?

कोपऱ्यातला_श्रोता

उंचवटा अवश्य कापा, खड्डा भरू नका. ९५ चा खड्डा म्हणजे ९० सेंटीमीटरवरून परतलेली लहरच आहे. तिथे जोर वाढवला की परतणारी लहरही तेवढीच वाढते, खोडाखोड कायम राहते आणि ॲम्प्लिफायर व स्पीकर विनाकारण ताणले जातात. त्यासाठी स्पीकर आणखी थोडे सरकवणे हाच मार्ग आहे. ३८ ला अरुंद पट्ट्यात पाच-सहा डेसिबेल उतरवून पुन्हा मोजा आणि २०० हर्ट्झच्या वर आलेख कितीही वेडावाकडा दिसला तरी तूर्त हात लावू नका. तिथे डोके वीतभर हलवले तरी चित्र बदलते. स्टुले मात्र लवकर बदला, पोकळ असतील तर तीही वाजत असतील.